दत्तक : देणे, घेणे आणि जाणे

‘दत्तक’ या शब्दाला मराठीत तीन क्रियापदे जोडली जातात. जन्मदाते मूल दत्तक देतात, दुसरे कोणी ते दत्तक घेतात आणि मूल स्वतः दत्तक जाते. भाषेने ही तिन्ही माणसे एका शब्दाभोवती सहज उभी केली आहेत. परंपरागत दत्तविधानात देणारा व घेणारा समोरासमोर असत. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानेही होम आवश्यक मानला नाही, परंतु मूल प्रत्यक्ष दिले व घेतले गेले पाहिजे ही अट मात्र कायम ठेवली. या शब्दाची आपली ऐतिहासिक स्मृती बहुतांशी गादीशी निगडित आहे. १८४८ साली सातारा आणि १८५३ साली झाशी येथे दत्तकाचा जो प्रश्न निर्माण झाला, तो वारसाचा प्रश्न होता. दत्तक जाणाऱ्या मुलाच्या मनात त्या दिवशी काय चालले होते, याची विचारपूस इतिहासाने फारशी केली नाही.

दत्तकाचा हा व्यवहार देशाच्या सीमा ओलांडून होऊ लागला, तेव्हा या तीन क्रियापदांची गाठ सुटली. कोरियन युद्धानंतर १९५५ साली अमेरिकेतील हॅरी व बर्था होल्ट या दांपत्याने आठ कोरियन मुले दत्तक घेतली, आणि त्यानंतरच्या दशकांत आशिया व लॅटिन अमेरिका या खंडांतून लक्षावधी मुले पश्चिमेकडील घरांत गेली. या व्यवहारात देणारा समोर नसतो; त्याच्या जागी कागदपत्रांची एक चळत असते. या अनुभवातून इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, कॅटलान अशा भाषांत आता बरेच साहित्य निर्माण झाले आहे. त्यातील पुष्कळसे लेखन दोनच प्रसंगांपाशी रेंगाळते : मुलाचे आगमन, आणि वयात आलेल्या मुलाने घेतलेला आपल्या मुळाचा शोध. या दोहोंच्या आधी एक काळ असतो. दत्तक घेणारे परदेशी जातात, एखाद्या हॉटेलच्या खोलीत राहतात आणि शिक्क्यांची वाट पाहत संसार सुरू करतात. प्रस्तुत लेखाचा विषय तो काळ आणि त्याचे साहित्यातील चित्रण हा आहे.

या काही आठवड्यांत नाट्यपूर्ण असे सहसा काही घडत नाही. दुधाची बाटली किती कोमट हवी हे ठरवावे लागते, लंगोट धुवावे लागतात, रात्री ताप भरला तर अनोळखी भाषेत औषध मागावे लागते. एका देशाने दत्तकविधान मान्य केलेले असते, दुसऱ्या देशाचे प्रवेशपत्र अजून हाती यायचे असते. तरीही या काळाला एक असाधारण महत्त्व आहे. त्या खोलीत मूल स्वदेशात असते आणि आईबाप परके असतात. रस्त्यावरची भाषा, दमट हवा, भाताचा वास यांतले सारे मुलाच्या ओळखीचे असते. अनोळखी असतो तो त्याला कडेवर घेणारा हात. विमान दुसऱ्या देशात उतरले की हे नाते कायमचे उलटे होते. म्हणून लेखकाला या तिन्ही माणसांकडे एकाच वेळी पाहण्याची संधी याच काळात मिळते. ती संधी कोणी किती साधली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

ॲन टायलर यांच्या ‘डिगिंग टू अमेरिका’ (२००६) या कादंबरीत हा काळ मुळीच येत नाही. १९९७च्या ऑगस्टमध्ये बाल्टिमोरच्या विमानतळावर दोन कुटुंबे कोरियाहून येणाऱ्या आपापल्या मुलीची वाट पाहतात. मुली दुसऱ्याच्या कडेवरून येतात आणि घेणाऱ्याला घर सोडावे लागत नाही. दरसाल साजरा होणारा आगमनाचा सोहळा हाच पुढे कादंबरीचा कणा होतो. टायलर यांची दृष्टी सूक्ष्म आहे. एका घराने मुलीचे कोरियन नाव ठेवावे आणि मूळ इराणी असलेल्या दुसऱ्या घराने ते बदलावे, यातला विरोधाभास त्यांनी नेमका हेरला आहे. परंतु परकेपणाची खरी अनुभूती या कादंबरीत येते ती मरियम या इराणी आजीच्या वाट्याला. कोरिया हे एक नाव म्हणूनच उरते, आणि ‘देणे’ हे क्रियापद विमानतळाच्या दारापलीकडेच राहते.

चीनची व्यवस्था वेगळी होती. तेथे घेणाऱ्याला जावे लागे. कॅरिन एव्हन्स यांचे ‘द लॉस्ट डॉटर्स ऑफ चायना’ (२०००) हे पुस्तक अशाच एका प्रवासातून निर्माण झाले. अमेरिकन कुटुंबांना अखेरचे प्रवेशपत्र ग्वांगझौ येथील वाणिज्य दूतावासातून घ्यावे लागे; त्यामुळे मोती नदीच्या काठी, एकेकाळी ब्रिटिश आणि फ्रेंच यांच्या ताब्यात असलेल्या शामियान बेटावर, ‘व्हाइट स्वान’ या हॉटेलभोवती या कुटुंबांची जणू एक तात्पुरती वसाहतच वसली. तेथे उतरणाऱ्या दत्तक आईबापांना मॅटेल कंपनीची एक बाहुली भेट मिळे : चिनी तान्हुले कडेवर घेतलेली सोनेरी केसांची बार्बी. तिचे नाव ‘गोइंग होम बार्बी’, म्हणजे घरी निघालेली बार्बी. या एका नावात त्या बेटावरची सारी समजूत सामावलेली आहे. तान्हुले ज्या घरातून निघाले, त्या घराला तेथे नाव नाही. चीनमध्ये मूल टाकून देणे हा गुन्हा असल्यामुळे देणारी आई कागदावरही उरत नसे. एव्हन्स यांच्या पुस्तकाचे मोल असे, की बाहुलीच्या या समजुतीवर त्या थांबत नाहीत. त्या न दिसणाऱ्या आईचा विचार त्यांचा पाठलाग करतो आणि तिला तसे करावयास लावणाऱ्या धोरणाची त्या चौकशी करतात. मात्र पत्रकाराची ही चौकशी आणि आईचा दिनक्रम यांचा सांधा पुस्तकात नेहमीच जुळतो असे नाही. एका प्रकरणात आकडे बोलतात, दुसऱ्यात अंगाई. दोहोंची एकमेकांना ओळख पटत नाही.

ही ओळख मला पटलेली दिसली ती एका चित्रपटात. जॉन सेल्स यांच्या ‘कासा दे लोस बेबिस’ (२००३) याची पटकथा साहित्य म्हणून विचारात घेण्याजोगी आहे, म्हणून त्याचा येथे उल्लेख करतो. लॅटिन अमेरिकेतील एका अनाम देशात सहा स्त्रिया मुलांसाठी ताटकळत आहेत. जेवण, समुद्रकिनारा, एकमेकींच्या कागाळ्या, आणि वकिलाच्या निरोपाची वाट, एवढाच त्यांचा दिवस. या चित्रपटातील एक प्रसंग या विषयावरील साऱ्या साहित्यात मला श्रेष्ठ वाटतो. आयलीन ही आयरिश स्त्री आणि खोली झाडायला येणारी आसुन्सियोन ही मोलकरीण समोरासमोर आहेत. आयलीन इंग्रजीत सांगते, की बर्फामुळे शाळेला सुटी मिळालेला एक दिवस आपण आपल्या भावी मुलीबरोबर कसा घालवू. मोलकरणीला ते कळत नाही. मग ती स्पॅनिशमध्ये आपल्या मुलीविषयी बोलते. ती मुलगी तिने दूर उत्तरेकडे देऊन टाकली आहे. आयलीनला ते कळत नाही. घेणारी व देणारी एका खोलीत आल्या आहेत, जुन्या दत्तविधानात यायच्या तशा. परंतु त्यांच्यामध्ये दुभाष्या नाही.

अनुवादक म्हणून हा प्रसंग मला विशेष अस्वस्थ करतो. पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या अनुवादित अक्षरांमुळे प्रेक्षकाला दोघींचेही बोलणे कळते. म्हणजे अनुवाद येथे आहे, पण तो ज्यांना हवा आहे त्यांना मिळत नाही. जो दूर सुखरूप बसला आहे त्याला मिळतो. या विषयावरील बहुतेक साहित्याची स्थिती नेमकी हीच आहे. आपण वाचक दोन्ही बाजू जाणतो आणि जाणण्यालाच न्याय समजून समाधान पावतो. सेल्स यांचा मोठेपणा असा, की हे समाधान ते आपल्याला फार काळ लाभू देत नाहीत. केर काढून मोलकरीण निघून जाते. तिचे दुःख कोणाच्याही हृदयपरिवर्तनाच्या कामी येत नाही.

बेर्त्राँ ताव्हेर्निए यांचा ‘होली लोला’ (२००४) हा चित्रपट याच्या जवळचा आहे. एक तरुण फ्रेंच दांपत्य पावसाळ्यातल्या नोम पेन्हमध्ये अनाथालये धुंडाळते; त्याच्यासारख्याच इतर दांपत्यांचा सहवास, त्यांच्यातली स्पर्धा आणि माया, कचेऱ्यांचे उंबरठे, हाताखालून सरकणारे पैसे, हे सारे त्यात बारकाईने आले आहे. घेणाऱ्यांच्या बाजूचे इतके प्रामाणिक चित्रण क्वचितच आढळेल. तथापि कंबोडियातली माणसे येथे बहुधा दाराशी उभी असतात. ती आपल्या घरी कशी असतात हे आपल्याला दिसत नाही.

आता आपल्या भूमीकडे वळू. शिल्पी सोमया गौडा यांच्या ‘सीक्रेट डॉटर’ (२०१०) या इंग्रजी कादंबरीत डहाणूकडील कविता आपली नवजात मुलगी उषा मुंबईच्या अनाथाश्रमात ठेवते, आणि सोमर व कृष्णन हे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर दांपत्य तिला ‘आशा’ म्हणून घेऊन जाते. देणारी आणि घेणारी यांना आळीपाळीने प्रकरणे देण्याची योजना स्वागतार्ह आहे. सोमरचे मुंबईतले दिवसही लक्षणीय आहेत, कारण नवरा स्वतःच्या घरात आहे आणि ती मात्र त्याच घरात पाहुणी आहे. पण या समतोलातच कादंबरीचे उणेपण आहे. अधूनमधून पेरलेले देशी शब्द सोडले, तर कविता आणि सोमर एकाच सफाईदार इंग्रजीत विचार करतात. सेल्स यांच्या खोलीत दोन भाषांमध्ये जी भिंत होती, ती येथे निवेदनाने परस्पर पाडून टाकली आहे. वाचकाला दोघींविषयी सारखाच कळवळा वाटतो, आणि सारखेपणाने वाटणारा कळवळा अखेर कोणालाच जाब विचारीत नाही.

राहता राहिले ‘जाणे’. येथे एका मराठी मुलखातल्या मुलीचेच नाव घ्यावे लागते. नाशिक परिसरात १९६७ साली जन्मलेल्या आशा मिरो १९७४ साली मुंबईच्या अनाथाश्रमातून बार्सिलोनाला दत्तक गेल्या आणि पुढे त्यांनी कॅटलान भाषेत आपली आत्मकथा लिहिली. २००३ साली निघालेले तिचे नाव ‘गंगेची मुलगी’ असे आहे. वयाच्या सातव्या वर्षी जी भाषा त्यांच्या तोंडी होती, ती परतताना त्यांच्याजवळ नव्हती. गोदावरीकाठच्या मुलीने स्वतःला गंगेची म्हणावे, यात युरोपीय वाचकाची सोय असेल. पण माझ्या मते त्यात एक खरीखुरी हानीही नोंदली गेली आहे. दुरून पाहणाऱ्याला आपल्या नद्या सारख्याच दिसतात. हे आत्मकथन मराठी वाचकाने आपले म्हणून वाचले पाहिजे. दत्तक गेलेल्या व्यक्तीनेच ते लिहिले आहे, आणि मराठी ज्या मुखातून गेली त्याचीही ती साक्ष आहे.

या साहित्याकडे आज पाहताना एका गोष्टीचे भान ठेवणे भाग आहे. सप्टेंबर २०२४मध्ये चीनने परदेशी दत्तक देण्याची पद्धत, नात्यातले काही अपवाद सोडून, बंद केली. मार्च २०२५मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य व समेट आयोगाने जुन्या दत्तक प्रकरणांत खोट्या नोंदी झाल्याचे आणि त्यात शासनाची जबाबदारी असल्याचे नमूद केले. म्हणजे ज्या कागदांची वाट पाहत ती कुटुंबे खोलीत बसली होती, त्यांपैकी काही कागदच खरे नव्हते. आपण अनाथ म्हणून कडेवर घेतलेल्या मुलाची आई जवळच कोठेतरी जिवंत असेल, ही शंका आता त्या पुस्तकांच्या प्रत्येक पानावर वाचकाबरोबर येते.

म्हणून ही पुस्तके बाजूला सारावीत असे माझे म्हणणे नाही. ताप आलेल्या मुलाच्या उशाशी जागून काढलेली रात्र कागद खोटा ठरल्याने खोटी ठरत नाही, आणि तिचे चित्रण करणाऱ्या लेखकाला नंतर उघड झालेल्या गोष्टींबद्दल दोषी धरणे योग्य नव्हे. मात्र एक प्रश्न टीकेने विचारलाच पाहिजे : खोलीत बसल्या बसल्या जे दिसण्यासारखे होते, ते तरी लेखकाने पाहिले काय? दाई मुलाला शेवटचे हातात देताना काय बोलली, ते त्याने ऐकले काय? ऐकले आणि कळले नाही, तर ते न कळणे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले काय? ज्या कृतींनी एवढे केले, त्यांच्यात देणे, घेणे आणि जाणे ही तिन्ही क्रियापदे अजून एकत्र ऐकू येतात.