स्मृतिपुरस्कार आणि कल्याणचा बिशप

दिवंगत विद्वानाच्या नावाने निधी ठेवायचा आणि त्यातून पाद्रींना आद्य ख्रिस्ती इतिहासाच्या अभ्यासासाठी सवड नि पैसा द्यायचा, ही कल्पना चांगलीच. मिस्सा, लग्नं, मयतं सांभाळून माणूस ग्रीक कधी शिकणार? प्रश्न एवढाच, की अशा अभ्यासकाकडून मागायचं काय. जेझुइट फादर ए. सी. पेरुमालिल यांचं 'द अपोस्टल्स इन इंडिया' (१९५२) त्या नजरेनं वाचून बघावं.

चौथ्या शतकातला युसेबियस लिहितो, की अलेक्झांड्रियाचा पँटेनस 'इंडिया'त गेला तेव्हा बार्थोलोम्यूने मागे ठेवलेलं मॅथ्यूचं हिब्रू शुभवर्तमान त्याला तिथे मिळालं. हा इंडिया म्हणजे आपली कोकणपट्टी, कल्याणचा परिसर, असं पेरुमालिल मांडतात. पुढच्या एका ग्रीक परंपरेत बार्थोलोम्यूचे श्रोते 'सुखी म्हटले जाणारे इंडियन' आहेत. कल्याण म्हणजे सुख, मंगल, म्हणून ते कल्याणचेच, असाही युक्तिवाद होतो.

मी पेशाने इंजिनीअर. भार कुठल्या खांबावर आहे ते आधी बघतो. इथे सगळा भार एका शब्दार्थावर आलाय. 'सुखी' हे विशेषण तर येमेनला पक्कं चिकटलेलं होतं, रोमन लोक त्याला 'अरेबिया फेलिक्स' म्हणत. शिवाय त्या काळी 'इंडिया'त दक्षिण अरबस्तान, इथिओपियासुद्धा मोडायचे. पुस्तकात परिश्रम आहेत, संदर्भ भरपूर आहेत, पण हा खांब पोकळ आहे.

असा खांब का लागला, तेही समजून घेतलं पाहिजे. 'तुमचा धर्म फिरंग्यांनी आणला' हा टोमणा गोव्यात आणि वसईत कित्येक पिढ्यांनी ऐकलाय. त्याला उत्तर हवं असतं. पण उत्तर तर आधीच हातात आहे! सहाव्या शतकात कॉसमस इंडिकोप्लेउस्टेस सांगतो, की कल्लियानात ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियाहून नेमला जातो. काही जण हे कल्लियाना उडुपीजवळच्या कल्याणपुरात शोधतात. मला ते पटत नाही. कॉसमसची बंदरांची यादी सिंधपासून खाली उतरते: सिंदू, ओर्रोथा, कल्लियाना, सिबोर, मग मिरीचा माले प्रदेश. मंगळूर त्या मालेमध्ये येतं. मग कल्लियाना त्याच्या बरंच वर, म्हणजे ठाण्याजवळचं कल्याणच. पोर्तुगीज यायच्या नऊशेहून जास्त वर्षं आधीचा हा बिशप. पण सणाच्या भाषणांत नाव बार्थोलोम्यूचंच!

चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ साली कोरीव क्रूस मिळाला, तेव्हाही असंच झालं. त्यावरची अक्षरं एका ब्राह्मणाकडून वाचून घेतली. त्याने थॉमसची लांबलचक कथा सांगितली आणि ती खपली. ती लिपी पह्लवी, हे १८७३ मध्ये बर्नेल यांनी दाखवलं. पुढे दक्षिणेतले असे क्रूस वाचायला मुंबईचे पारशी पंडित जीवनजी मोदी यांनी मदत केली.

आमच्या आगशीजवळ २००१ साली फादर कॉस्मे जुझे कॉस्ता यांना सापडलेल्या क्रुसावरही पह्लवी आहे. म्हणून म्हणतो, पुरस्काराचा पैसा आधी पह्लवी आणि सिरियाक शिकवणाऱ्या गुरुजींच्या पगाराला जाऊ दे. ग्रंथ दोन-तीन वर्षांनी आला तरी चालेल.