सीमेवरची बाई पडद्यावर येते तेव्हा

राजकीय सीमेवरच्या चित्रपटांत घोषणा आणि पुरुषांचे आवाज यांना तोटा नसतो. बाईच्या वाट्याला वाट पाहणं येतं. इस्रायली सिनेमातल्या काही दिग्दर्शकांनी हे बदललं. एरान रिक्लिस यांच्या ‘द सीरियन ब्राइड’मध्ये (२००४) इस्रायलच्या ताब्यातल्या गोलानची द्रूझ समाजातली मुलगी लग्न करून सीरियात निघते. सीमा ओलांडली की माहेर कायमचं तुटणार, आणि पासपोर्टवरच्या एका शिक्क्यापायी वऱ्हाड खोळंबतं. त्यांच्याच ‘लेमन ट्री’त (२००८) संरक्षणमंत्री शेजारी राहायला येतो आणि पॅलेस्टिनी विधवा सलमाची लिंबाची बाग धोकादायक ठरते. इथे राजकारणाला भाषण लागत नाही. माहेर आणि बाग पुरेशी आहेत.

शिरा गेफन यांचा ‘सेल्फ मेड’ (२०१४) आणखी धाडस करतो. फर्निचरच्या कारखान्यात काम करणारी पॅलेस्टिनी नदीन घरची वाट चुकू नये म्हणून वाटेत स्क्रू टाकत जाते. इस्रायली कलावंत मिखालच्या नव्या पलंगाचा एक स्क्रू कमी निघतो, ती तक्रार करते, नदीनची नोकरी जाते. दोन जगांमधलं नातं एवढ्याशा वस्तूत बसवणं ही अव्वल दर्जाची पटकथा आहे. पुढे तपासणी नाक्यावर दोघींची अदलाबदल होते, तिथे मात्र चित्रपट सैल पडतो. मिखालची ओळख डोक्याला मार लागून हरवली आहे. नदीनला आपली ओळख रोज नाक्यावर सिद्ध करावी लागते. ही दोन दुःखं एका पारड्यात घालणं अन्यायाचं आहे.

आपल्याकडे अशी गोष्ट कुठे आहे? कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात आहे. इथलं कॅसलरॉक म्हणजे पोर्तुगीज गोव्याच्या वेशीवरचं रेल्वे स्टेशन. याच परिसरातल्या जंगलातून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवत. नोव्हेंबर १९५५ मध्ये आंबोलीकडे सुरू झालेलं हे केंद्र पुढे कॅसलरॉकला हललं आणि १९६१ पर्यंत कोकणी व पोर्तुगीज भाषांतून बोलत राहिलं. मुक्तीच्या दिवशी दोघांनी विमानातून ती बातमी गोव्याला सांगितली. ते विमान कुठल्याही दिग्दर्शकाला भुरळ घालेल. खरा चित्रपट त्याआधीच्या वर्षांत आहे: आपल्याच मुलखाबाहेर राहून, चेहरा लपवून, निव्वळ आवाजाने घराघरांत पोचणारी बाई.

या मातीतला सिनेमा कमकुवत नाही. कारवारजवळच्या माजाळीचे महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा लक्ष्मीकांत शेटगावकरांचा ‘पलतडचो मनीस’ २००९ मध्ये टोरांटोत समीक्षकांचं पारितोषिक घेऊन आला. वीणा जामकरने साकारलेली जंगलातली वेडसर बाई गावाला नको असते, वनरक्षकाला हवी असते. पण तिथेही कथा त्याच्या बाजूने सांगितली जाते.

मराठी-कोकणी दिग्दर्शकांनी आता बाजू बदलावी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमा कुणाची, हा वाद न्यायालयात चालू राहील. सीमेने बाईचं काय केलं आणि बाईने सीमेचं काय केलं, हे सांगणं सिनेमाचं काम आहे, आणि सामग्री जोयड्यातल्या अनमोड घाटाच्या माथ्यावरच पडून आहे.