पेपर संपल्यावर निवडलेले प्रश्न

मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानाचा. माझ्याकडे औषध मागू नका. औषधावरचा लेख कसा तपासायचा, एवढंच सांगतो. उदाहरण २००१ साली अमेरिकेत छापून आलेल्या 'स्टडी ३२९' चं. नैराश्य असलेली २७५ किशोरवयीन मुलंमुली. काहींना पॅरोक्सेटीन, काहींना इमिप्रामीन हे जुनं औषध, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. लेखाचा निष्कर्ष काय, तर पॅरोक्सेटीन परिणामकारक आहे आणि मुलांना सोसतंही.

आता चाचणीपूर्वी लिहिलेला आराखडा शेजारी ठेवा. त्यात आठ कसोट्या होत्या, दोन मुख्य, सहा दुय्यम. एकीतही पॅरोक्सेटीन प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नव्हतं. मग लेखातलं यश आलं कुठून?

एकच जागा दाखवतो. एक मुख्य कसोटी अशी होती: हॅमिल्टन मोजपट्टीवर रुग्णाचा आकडा ८ किंवा त्याखाली यावा, किंवा निम्म्यानं उतरावा. यात पॅरोक्सेटीनवाले सुमारे ६७ टक्के बसले, प्लासिबोवाले ५५. हा फरक योगायोगानंही पडू शकतो. लेखात मग निम्म्याची अट बाजूला ठेवून, नुसती '८ किंवा खाली' ही वेगळी कसोटी पुढे केली. ६३ विरुद्ध ४६. पास! आकडा एकही खोटा नाही, बरं का. तर्कशास्त्राच्या वर्गात मी 'किंवा' या शब्दावर तास खर्च करायचो तेव्हा पोरं जांभया द्यायची. इथे सगळा खेळ त्याच शब्दावर आहे.

पुढे कंपनीची कागदपत्रं उघड झाली, तेव्हा कळलं की निदान २७ तऱ्हांनी मोजून पाहिलं होतं. चारांत जमलं. म्हणजे पेपर संपल्यावर विद्यार्थ्यानंच प्रश्न निवडले.

पण मला जास्त बोचतो तो एक शब्दप्रयोग. मुलांच्या आत्महत्येच्या विचारांची, स्वतःला इजा करण्याची नोंद 'भावनिक अस्थिरता' या खान्यात टाकलेली होती. लेखावर बावीस नावं आहेत. एकालाही तो शब्द खटकला नाही? २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मूळ नोंदी तपासून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तीच चाचणी पुन्हा मांडली: फायदा नाही, अपाय वाढलेला. मधे चौदा वर्षं गेली.

आपल्याकडे २००९ पासून औषधचाचणीची नोंद सीटीआरआयवर आधी करावी लागते. घरी जाऊन एखादी चाचणी तिथे उघडा, 'प्रायमरी आउटकम' हा रकाना उतरवून घ्या, मग छापील लेख वाचा. दोन्ही कागद पुढच्या व्याख्यानाला घेऊन या.