निर्णायक क्षण की निर्णायक प्रहर? : वाईच्या संदर्भात रस्ता-छायाचित्रणाची चिकित्सा

बीजसंज्ञा : रस्ता-छायाचित्रण, प्रहर, सावली, वाई, संमती.

प्रस्तावना

सार्वजनिक जागेतील माणसे, त्यांचे व्यवहार व परस्परसंबंध यांचे पूर्वनियोजनाशिवाय केलेले चित्रण, असे रस्ता-छायाचित्रणाचे स्थूल स्वरूप सांगता येते. या कलाप्रकाराच्या समीक्षेवर फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा खोल ठसा आहे. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकातून रूढ झालेली ‘निर्णायक क्षण’ ही संकल्पना आजही या क्षेत्रात प्रमाण मानली जाते. हालचाल आणि रचना यांचा मेळ ज्या निमिषात बसतो ते निमिष पकडणे, हे छायाचित्रकाराचे कौशल्य होय, असा तिचा आशय आहे. उष्ण प्रदेशातील गावाला हा निकष कितपत लागू पडतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील वाई या गावाच्या संदर्भात केली आहे.

ऊन, सावली आणि चौकट

उन्हाळ्यातील वाईचा दिवस कॅमेऱ्याच्या दृष्टीने सरळसरळ तीन भागांत विभागला जातो. सकाळी कृष्णेच्या घाटावर स्नान, धुणे व देवदर्शन यांची वर्दळ असते. ऊन तिरपे असल्यामुळे दगडी पायऱ्यांचा पोत उठून दिसतो. सायंकाळी हाच प्रकाश उलट दिशेने परततो. या दोन वेळांच्या मधला काळ मात्र छायाचित्रकार सहसा वगळतात. त्यास तांत्रिक कारण आहे. सूर्य डोक्यावर असताना भुवयांखाली, टोपीखाली व पदराखाली दाट सावली पडते आणि चेहरा हरवतो. उजळलेली भिंत आणि वळचणीचा अंधार या दोहोंना एकाच चित्रात न्याय देणे फिल्मला कठीण होते. संवेदकालाही ते सहजसाध्य नाही.

परंतु ही केवळ तांत्रिक सोय राहत नाही. दुपार वगळली की दुपारी रस्त्यावर असणारी माणसेही वगळली जातात. हातगाडीवाला, हमाल, फळविक्रेती, एस.टी.ची वाट पाहणारा खेडूत यांना उन्हाची वेळ निवडण्याची मुभा नसते. सौम्य प्रकाशाचा आग्रह अशा रीतीने नकळत एका वर्गाला चित्राबाहेर ठेवतो. येथे ‘क्षण’ अपुरा ठरतो. दुपारच्या रस्त्यावर हालचाल विरळ असते. माणसे सावलीच्या पट्ट्यात थांबलेली असतात आणि सावली सरकेल तशी सरकतात. हा पालट निमिषाचा नसून प्रहराचा आहे. दिवसरात्रीचे आठ भाग कल्पिणारी आपली जुनी कालगणना या अनुभवाला अधिक जवळची आहे. म्हणून उष्ण गावातील रस्ता-छायाचित्राचे मूल्यमापन ‘कोणता क्षण साधला’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणता प्रहर स्वीकारला’ या प्रश्नानेही व्हावयास हवे.

वाई : उसनी ओळख

वाईच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाने हिंदी चित्रपटांत अनेकदा उत्तरेचेच रूप घेतले आहे. ‘गंगाजल’ (२००३) मध्ये हा परिसर बिहार झाला. ‘स्वदेस’ (२००४) मध्ये जवळच्या मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातील एका काल्पनिक खेड्याचा भाग झाला. ‘दबंग’ (२०१०) मध्येही वाई उत्तर प्रदेश म्हणूनच पडद्यावर आली. चित्रपटाने परिसर उसना घेणे यात वावगे काही नाही. तथापि त्यामुळे घाट, मंदिर व वाडा एवढीच वाईची दृश्य ओळख प्रस्थापित झाली आणि तीही दुसऱ्या प्रांताच्या नावाने.

बाहेरून येणारा छायाचित्रकार बहुधा हीच चौकट डोळ्यांत घेऊन येतो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर तो सकाळच्या प्रकाशात टिपतो. पुराचे पाणी दुभंगावे म्हणून त्या मंदिराच्या मागील भिंतीला दिलेला निमुळता आकार, म्हणजे नदीकाठी राहण्याचे व्यावहारिक शहाणपण, त्याच्या नजरेतून सहसा निसटते. गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी, गंगापुरी येथील दैनंदिन व्यवहार तर पार्श्वभूमीलाही येत नाहीत. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले, त्या गावाची दृश्य नोंद एवढी एकांगी असावी, हे खटकणारे आहे.

मुंबईचा दाखला

याला पर्याय महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी कारकिर्दीच्या आरंभी मुंबईचे दैनंदिन जीवन टिपले. त्यांची सुरुवातीची काही छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली, ही बाब रस्त्यावर पाहण्याचा अधिकार कोणाचा मानला जात होता, हे पुरेसे स्पष्ट करते. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचे मुंबईवरील पुस्तक १९९४ साली आले. कार्तिए-ब्रेसाँ यांच्याविषयी आदर बाळगूनही त्यांनी कृष्णधवल परंपरा नाकारली आणि भारतीय जीवनाला रंग अपरिहार्य आहे, अशी भूमिका घेतली. त्यांच्या चित्रांत दुकानाची काच, खांब, दार यांनी चौकटीचे अनेक तुकडे होतात. आतील माणसे व बाहेरील रस्ता एकाच वेळी दिसतात. एकच निर्णायक घटना शोधण्याऐवजी अनेक व्यवहार शेजारी नांदू देणारी ही रचना प्रहराच्या कल्पनेशी सुसंगत आहे. वाईच्या आळ्यांतील ओटे, पडव्या व दुकानांच्या फळ्या अशाच रचनेची शक्यता देतात.

सावलीतील माणूस आणि संमती

प्रहराचा स्वीकार केल्यास नैतिक प्रश्नही बदलतो. क्षणाच्या सौंदर्यशास्त्रात नकळत टिपणे समर्थनीय ठरते, कारण विचारले की क्षण जातो. दुपारच्या सावलीत बसलेला माणूस मात्र कोठेही जात नाही. किंबहुना कॅमेरा नको असला तरी उन्हात उठून जाणे त्याला परवडत नाही. अशा वेळी चोरून टिपण्याचे समर्थन उरत नाही. विचारण्यास वेळ असतो, म्हणून विचारण्याची जबाबदारीही येते.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. संमती घेतली की माणूस सावरून बसतो, पदर नीट करतो आणि सहजता लोपते. हे खरे आहे. तथापि सावरून बसणे हीदेखील त्या माणसाची स्वतःविषयीची अभिव्यक्ती असते. तिला खोटे ठरविण्याचे कारण नाही. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. विसावलेल्या श्रमिकाचे चित्र आळसाचे चित्र म्हणून वाचले जाऊ शकते. त्यावर उपाय चित्राखालील नोंदीचा : गाव, आळी, वेळ व काम यांचा स्पष्ट उल्लेख. व्यक्तीचे नाव मात्र तिची इच्छा असेल तरच द्यावे.

निष्कर्ष

‘निर्णायक क्षण’ ही संकल्पना त्याज्य नाही. परंतु ती सार्वत्रिकही नाही. उष्ण प्रदेशातील गावासाठी तिला प्रहराची जोड आवश्यक आहे. दुपार स्वीकारणारे छायाचित्र वगळल्या गेलेल्या माणसांना चौकटीत आणते, विचारण्यास अवकाश देते आणि वाईसारख्या गावाला त्याचे नाव परत मिळवून देते. महाविद्यालयीन पातळीवर मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे एकेका आळीची एका दिवसाची प्रहरवार नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास स्थानिक इतिहासाचे मोलाचे साधन निर्माण होईल. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. भर दुपारी रस्त्यावर थांबण्याची तयारी लागते.