आरतीची पट्टी

पवईच्या तलावावर अनंत चतुर्दशीच्या रात्री ज्याने तासभर काढला असेल, त्याला सामुदायिक गायन म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. एका गणपतीपुढची आरती संपते न संपते तोच शेजारच्यापुढची सुरू होते. दोघांची पट्टी जुळत नाही, आणि लय तर नाहीच नाही. मुंबईला पाणी मिळावे म्हणून १८९१ साली बांधलेल्या या तलावाच्या काठी हा सुरांचा गोपाळकाला मी कित्येक वर्षे आवडीने ऐकत आलो आहे. पण आज लिहायचे आहे ते त्याच आरतीच्या अगदी वेगळ्या रूपाविषयी : लता मंगेशकर व उषा मंगेशकर यांनी समूहस्वरांसह गायिलेल्या, हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेल्या ‘सुखकर्ता दुःखहर्ता’च्या ध्वनिमुद्रिकेविषयी. ती कानांवरून गेली नाही असे मराठी घर विरळाच.

पहिली गोष्ट लयीची. टाळी हा मोठा उतावळा ताल आहे. घरची आरती सुरू होते ती बेताने, पण दुसऱ्या कडव्याला टाळ्यांना पाय फुटतात आणि तिसऱ्याला त्या मोदकांच्या दिशेने धावत सुटतात. या धावपळीत चिरडतात ते शब्द. समर्थांनी लिहिले ‘फणिवरबंधना’. नाग कमरेला बांधणारा, असा त्याचा अर्थ. लहानपणी मी ‘फळीवर वंदना’ म्हणत असे आणि देवाला सोडून फळीला नमस्कार कशासाठी, याचा विचार करीत असे. मी एकटाच असे म्हणत होतो, असेही नाही! ध्वनिमुद्रिकेतली लय सावकाश आहे. प्रत्येक अक्षराला टेकायला जागा आहे. त्या लयीत हा शब्द मला प्रथम नीट ऐकू आला आणि फळी कायमची निखळली.

दुसरी गोष्ट भावाची, आणि ती लयीतूनच निघते. या आरतीची पहिली दोन कडवी ऐश्वर्याची आहेत : शेंदूर, मोत्यांची माळ, हिऱ्यांचा मुकुट, पायांतली नूपुरे. पण शेवटी हा सगळा थाट बाजूला सारून कवी एवढेच सांगतो, की मी घरी तुझी वाट पाहतो आहे. आपण मंडपात ही ओळ विजयाच्या आरोळीसारखी म्हणतो. ध्वनिमुद्रिकेत ती खरोखरच वाट पाहणाऱ्या माणसाची वाटते. जाणकार या चालीत जोगिया रागाची छाया सांगतात. कोमल रिषभ आणि कोमल धैवत यांमुळे त्या रागात जी विरक्त करुणा असते, ती मंगल प्रसंगी कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर शेवटच्या कडव्यात आहे.

आता तक्रार. तक्रार पट्टीची आहे. लताबाईंचा स्वर जिथे सहज वावरतो तिथे आपल्यासारख्यांचा गळा शिडी लावूनही पोहोचत नाही. पुरुष मंडळी खालचे सप्तक धरतात. ज्यांना तेही साधत नाही ते नुसतेच ओठ हलवतात. शिवाय मागचा समूह इतका एकजीव आहे, की त्यात आपला बेसूर कुठे ठेवावा हे कळत नाही. आरती ऐकण्याची नव्हे, म्हणण्याची वस्तू आहे. जिथे चुकायला जागा नाही तिथे माणूस गप्प बसतो.

हे मला कळले ते आई गेल्यानंतरच्या पहिल्या गणपतीत. आमच्या घराची पट्टी आईच्या गळ्यावर ठरलेली होती. पेटी नव्हती, ती सुरू करी आणि आम्ही मागून जात असू. ‘येई हो विठ्ठले’मध्ये ‘निढळावरी’चा सूर ती इतका लांबवीत असे, की आम्ही मुले एकमेकांकडे पाहत कोणाचा दम आधी सुटतो ते मोजत असू. त्या वर्षी निरांजन पेटले, आणि सुरुवात कोणी करायची हेच कोणाला कळेना. शेवटी धाकट्या भावाने ही ध्वनिमुद्रिका लावली. ती लागली, संपली. सूर सुंदर, उच्चार निर्दोष. आरती झाली, म्हटली कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बहिणीने कोणाची वाट न पाहता स्वतःच सुरुवात केली, तीही भलत्याच उंच पट्टीत. ध्रुवपदापर्यंत येताना सगळ्यांचीच दाणादाण उडाली. भाऊ म्हणाला, “ताई, जरा खाली धर, देव काही गच्चीवर नाही.” सगळे हसले. बहिणीने डोळे पुसले आणि पुन्हा खालून सुरुवात केली. ती आईची पट्टी नव्हती. पण आदल्या दिवशीची ती सावकाश लय कानांत राहिली होती, आणि या खेपेस टाळ्या धावल्या नाहीत.

म्हणून या ध्वनिमुद्रिकेविषयी माझा अभिप्राय एवढाच : गणपती येण्यापूर्वी आठवडाभर ती जरूर ऐकावी. लय तिच्याकडून घ्यावी, शब्द तिच्याकडून शुद्ध करून घ्यावेत. मग निरांजन पेटले, की ती बंद करावी आणि घरातल्या ज्या कोणाला पुढे होण्याचा धीर होईल, त्याच्या पट्टीत आरती म्हणावी. आमच्याकडे आता ताई सुरुवात करते. ‘निढळावरी’ला तिचा दम आईइतका पुरत नाही. तिथे आम्ही सगळे मिळून तो पुरवतो.