खरवडलेले सौंदर्य
(जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेच्या बाह्यरूपाविषयी)

जुन्या वास्तूची दुरुस्ती करणारा आणि जुन्या पोथीचे संपादन करणारा, या दोघांचे काम एकाच जातीचे आहे. मूळ कोणते, मागाहून आलेले कोणते आणि लुप्त झालेले कोणते, याचा निवाडा दोघांनाही करावा लागतो. भेद एवढाच की, संपादकाचा निवाडा चुकला तर पुढचा संपादक हस्तलिखिताकडे परत जाऊ शकतो. वास्तूच्या बाबतीत चुकीचा निवाडा हस्तलिखितावरच कोरला जातो. म्हणूनच जीर्णोद्धाराची समीक्षा साहित्याच्या समीक्षेइतकीच काटेकोरपणे व्हावी, असे आम्हांस वाटते.

बॉम जेझुस बॅसिलिकेची पायाभरणी 1594 साली झाली आणि 1605 साली आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या हस्ते तिचे अभिषेचन झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष येथे आहेत आणि 1986 पासून जुन्या गोव्यातील चर्चेस व मठ यांची गणना जागतिक वारशात होते. तिच्या दर्शनी भागावरील कोरीव काम काळ्या बसाल्ट दगडात असून तो दगड वसईकडून नेला गेला, असे इतिहासकार नोंदवितात. वसईच्या भाविकांचा या दर्शनी भिंतीशी असा दगडाचाही संबंध आहे. भिंतींचा मुख्य भाग मात्र जांभा दगडाचा आहे.

आज आपणांस ही वास्तू तांबूस, खडबडीत आणि उघड्या दगडाची दिसते. स्मरणिकांवर, दिनदर्शिकांवर आणि घरोघरच्या तसबिरींत तिचे हेच रूप रूढ झाले आहे. परंतु हे रूप सोळाव्या वा सतराव्या शतकाचे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या छायाचित्रांत ही इमारत चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली दिसते. 1950 च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या मार्गदर्शनाखाली हा गिलावा काढून टाकण्यात आला. वास्तूला प्राचीनपणाचे रूप यावे, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. हेतूच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. आमचा आक्षेप त्यामागील वाङ्मयीन समजुतीवर आहे. जे उघडे ते अस्सल आणि जे झाकलेले ते उसने, अशी ती समजूत होय.

जांभा दगडाचा स्वभाव पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत कठीण होतो. पण त्याच्या अंगातील छिद्रे तशीच राहतात. कोकणचा पाऊस ती छिद्रे भरतो, दगडातील मातकट अंश धुऊन नेतो आणि पृष्ठभाग कणाकणाने झडतो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी जांभ्यावर चुन्याचा गिलावा चढविला. हा गिलावा पाऊस स्वतःच्या अंगावर घेतो, भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि झिजला की पुन्हा लावता येतो. झिजणे हेच त्याचे काम होते. तो दगडावरचा मुखवटा नव्हता, दगडाची कातडी होती. समोरचे से कॅथेड्रल आजही चुन्याच्या शुभ्र अंगाने उभे आहे. दोन्ही वास्तू एकापाठोपाठ पाहिल्या म्हणजे कोणत्या भिंतीचे रक्षण झाले आणि कोणत्या भिंतीचे केवळ कौतुक झाले, हे कळून येते.

हा वाद गोव्यापुरता नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चेसचा गिलावा खरवडून त्यांना 'मध्ययुगीन' करण्याची लाट आली, तेव्हा विल्यम मॉरिसने 1877 साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडण्याचा विरोध, हेच तिचे टोपणनाव पडले. जॉन रस्किनने त्याआधीच, 1849 साली, जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणाऱ्या नाशाविरुद्ध आवाज उठविला होता. वेळच्या वेळी केलेली निगा जीर्णोद्धाराची गरजच उरू देत नाही, हा या दोघांच्या विचाराचा गाभा होय. तो ऐकला असता तर पाऊण शतकानंतर जुन्या गोव्यात तो सिद्ध करण्याची वेळ आली नसती.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. पाऊण शतकाचे तांबूस रूप हेही आता इतिहासच नव्हे काय? असंख्य यात्रेकरूंच्या भक्तीत तेच रूप वसले आहे. 1964 च्या व्हेनिस सनदेनेही वास्तूवर प्रत्येक कालखंडाने केलेल्या भरीचा आदर राखण्यास सांगितले आहे. आक्षेप वजनदार आहे. परंतु कास्त्रोने काही भर घातली नाही, वजाबाकी केली; आणि तिचे फळ भिंत दर पावसाळ्यात भोगते. भक्तांची आठवण जपण्यासाठी भक्तिस्थान झिजू द्यावे, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. मात्र तीच सनद असेही बजावते की, जेथे तर्काला प्रारंभ होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. म्हणून नवा गिलावा चढवायचा तर शिल्लक अवशेषांचे पृथक्करण करून, जुनी छायाचित्रे समोर ठेवून, आधी लहानशा भागावर प्रयोग करून आणि शुद्ध चुन्यातच तो चढवावा.

चुन्याचा आग्रह केवळ अभिजाततेचा नाही. गोव्यात आणि कोकणात कित्येक कुटुंबांनी पूर्वजांची घरे मोठ्या प्रेमाने 'पक्की' केली, ती सिमेंटच्या गिलाव्याने. सिमेंट कठीण असते, ओल आत कोंडते, क्षार भिंतीत साठतात आणि चकचकीत रंगामागे जांभा भुसभुशीत होत जातो. एकाने कातडी सोलली, दुसऱ्याने तिच्यावर चिलखत चढविले. भिंतीचा श्वास दोघांनीही ऐकला नाही.

राजे या पुस्तकातील योवाश राजाची कथा आमच्या वाचकांना परिचित आहे. मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसा येत होता, तरी राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत भगदाडे तशीच होती. अखेर यहोयादा याजकाने झाकणाला छिद्र पाडून एक पेटी वेदीजवळ ठेवली आणि जमलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हाती दिला. त्या कथेत सोन्यारुप्याच्या पात्रांना त्या पैशातून वाटा मिळाला नाही, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या धर्मग्रामांत नव्या वेदीसाठी, नव्या फरशीसाठी देणगीदार पुढे येतात. दरवर्षीच्या चुन्यासाठी पेटी क्वचितच असते. बॉम जेझुसची भिंत आपणांस जो धडा देते, तो याच ठिकाणी लागू पडतो. वास्तूचे सौंदर्य एकदाच उघडून दाखविण्याची वस्तू नाही. ते दर पावसाळ्यानंतर पुन्हा लिंपावे लागते.