घुमटाखालचा एकटा माणूस

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९६० साली ‘युनिव्हर्स’ हा अनुबोधपट निर्माण केला. रोमन क्रॉइटर आणि कॉलिन लो हे त्याचे दिग्दर्शक. मानवाने अंतराळात पाऊल टाकण्यास अद्याप एक वर्षाचा अवधी होता. तरीही जेमतेम अर्ध्या तासाच्या या कृष्णधवल पटाने प्रतिकृतींच्या साहाय्याने ग्रह, तारे आणि दीर्घिका विलक्षण प्रत्ययकारी रीतीने उभ्या केल्या. स्टॅन्ली कुब्रिकने आपल्या अंतराळपटासाठी त्यापासून प्रेरणा घेतली, आणि याच पटाचे निवेदक डग्लस रेन पुढे १९६८ मध्ये त्याच्या ‘हाल’ या संगणकाचा आवाज झाले.

पटाची रचना साधी आहे. शहरावर संध्याकाळ उतरते. टोरांटोजवळच्या रिचमंड हिल येथील डेव्हिड डनलप वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅक्रे रात्रीच्या कामाला लागतात. त्यांच्या दुर्बिणीचे बोट धरून प्रेक्षक विश्वाच्या कडेपर्यंत जाऊन येतो. अफाट अंधार आणि त्यासमोर एक माणूस! आठव्या स्तोत्रातील दाविदाचा विस्मय येथे आधुनिक रूपात भेटतो. हे या कलाकृतीचे खरे यश होय.

परंतु प्रश्न उरतो, की अखिल मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून पडद्यावर कोण उभा आहे? एक गौरवर्णीय, सुशिक्षित पुरुष. ही वेधशाळा मात्र जेसी डनलप या विधवेने पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९३५ साली उभी राहिली. त्याच वर्षापासून हेलन सॉयर हॉग ही विदुषी तेथील ७४ इंची दुर्बिणीतून तारकागुच्छांतील रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास करीत होती. १९५१ पासून दैनिकातील साप्ताहिक सदरातून ती सामान्य वाचकांना आकाश समजावूनही देत होती. कथेचा धागा मात्र तिच्या हाती जात नाही.

कोणी म्हणेल, विषय विश्वाचा आहे, समाजाचा नव्हे. हा आक्षेप मला पटत नाही. दिग्दर्शकांनी केवळ तारे दाखविले असते, तर तो ग्राह्य धरला असता. त्यांनी माणूस दाखविला. मग तो कोणता, हे विचारणे समीक्षकाचे कर्तव्यच ठरते. शिवाय ज्ञान हे एकाकी प्रतिभेचे फळ आहे, असा समज या प्रतिमेतून दृढ होतो. वास्तवात ते अनेक हातांचे श्रमफल असते.

हा दोष केवळ कॅनडाचा नाही. व्हॅटिकन वेधशाळेत १९१० ते १९२१ या काळात मारिया बंबिना संघाच्या चार धर्मभगिनींनी छायाचित्रांच्या काचांवरून ४,८१,२१५ ताऱ्यांची स्थाने मोजली. एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलंबो, कॉन्चेत्ता फिनार्दी आणि लुईजा पांचेरी ही त्यांची नावे जगापुढे आली ती २०१६ साली! ज्यांनी तारे मोजले, त्यांची मोजदाद करण्यास आपल्याला शतक लागले.

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका चाळताना मी मनोमन ओशाळतो. पहिल्या पानांवर आम्हा धर्मगुरूंची छायाचित्रे असतात. मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या आणि वेदीवरची वस्त्रे धुणाऱ्या भगिनी समूहचित्रात, तेही नावांविना.

‘युनिव्हर्स’ अवश्य पाहावा, मुलांना दाखवावा. पाहून झाल्यावर मात्र त्यांना विचारावे: घुमटाखाली आणखी कोण कोण होते?